समोरच्याला ‘नको’ म्हणता येतंय का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपूर्वी तुमच्या शाळेने एका वृद्धाश्रमाबरोबर आणि लहान मुलांच्या एका वाचनकेंद्राबरोबर सेवा-शिक्षणाचा, म्हणजे लोकांसाठी काम करता करता शिकण्याचा, उपक्रम सुरू केला. पहिलं वर्ष फार छान गेलं. आता मुलं हजेरीपुरती येतात, वाचनकेंद्राच्या ताई फोन घेत नाहीत आणि सगळं ओझं तुमच्या एकटीवर आहे. तुमची बदली झाली की उपक्रम थांबेल, ही धास्तीही आहे. शाळा आणि समाज यांची टिकणारी भागीदारी कशी बांधायची, हा तुमचा प्रश्न.

मी बावीस वर्षं हेच काम केलंय. आधी विज्ञानाचा शिक्षक म्हणून, नंतर शाळांचा समन्वयक म्हणून. तुमचं लिहिणं वाचताना माझं लक्ष त्या न घेतलेल्या फोनवर अडकलं. तो फोन म्हणजे नकार आहे. त्या ताईंना तो तोंडावर देता येत नाही, म्हणून त्या असा देतायत. मुलं हौसेने येतात, शिक्षिका सुट्टीचा वेळ खर्चून येतात, अशा शाळेला ‘येऊ नका’ कोण म्हणणार? एखादी भागीदारी टिकणार की नाही, हे मला आजवर एकाच खुणेवरून ओळखता आलंय. समोरची संस्था आपल्याला ‘या महिन्यात नको’, ‘हे काम नको, ते करा’ असं मोकळेपणाने म्हणते का? म्हणत असेल तर नातं दहा वर्षं चालतं. म्हणत नसेल तर एक दिवस फोन बंद होतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात मी एका वृद्धाश्रमात दर शनिवारी तीस मुलं घेऊन जात असे. गाणी, गप्पा, पत्ते, निरोपाच्या वेळी डोळ्यांत पाणी. तिसऱ्या वर्षी तिथल्या एका सेविकेने बोलता बोलता सांगितलं की शनिवार हा त्यांचा आंघोळींचा आणि आठवड्याची औषधं लावून ठेवण्याचा दिवस. मुलं येणार म्हणून सगळं दोन तास अलीकडे ओढावं लागतं आणि आजी-आजोबांना पहाटे उठवावं लागतं. दोन वर्षं आम्ही आभाराचे शब्द ऐकत होतो आणि ते खोटे नव्हते. मुलं त्यांना खरोखर आवडत होती. पण आमच्या येण्याने तुमचं काम किती वाढतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दिवस मी ठरवला होता, कारण शनिवारी शाळा लवकर सुटायची. त्या दोन वर्षांच्या पहाटेंचं मला आजही वाईट वाटतं.

शाळेबाहेरच्या खऱ्या कामातून शिकावं हा विचार जुना आहे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची, म्हणजे हातच्या कामातून शिकण्याची, कल्पना मांडली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई तर त्याच्याही आधीपासून अनुभव आणि शिक्षण यांच्या नात्यावर लिहीत होते. सेवा-शिक्षण हे जोडनाव मात्र १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांच्या कामातून रुळलं. या नावातली मधली छोटी रेघ फार महत्त्वाची आहे. सेवा एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे असं न राहता दोघांनी एकमेकांना धरून ठेवायचं, हे ती रेघ सांगते. १९७९ मध्ये सिग्मन यांनी तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं की ज्यांची सेवा करायची, त्या सेवेवर ताबा त्यांचाच असला पाहिजे. दुसरं, त्या कामातून ती माणसं स्वतः अधिक समर्थ व्हावीत. तिसरं, सेवा करणारेही शिकणारेच असतात आणि काय शिकायचं यात त्यांचाही शब्द चालावा. पहिल्या दोन तत्त्वांत विद्यार्थी केंद्रस्थानी नाहीत, हे लक्षात घ्या. पुढे शाळांनी हा क्रम उलटा केला आणि बहुतेक उपक्रम तिथेच कमकुवत झाले, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीच, १९६८ मध्ये, विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत कामाला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर एक अतिशय कडक भाषण केलं. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा गाभा होता. मला ते टोकाचं वाटतं. नीट केलेल्या कामाने दोन्ही बाजूंचं भलं झालेलं मी पाहिलंय. पण दर वर्षी नवीन गट बाहेर पडण्याआधी मी ते मनात आणतो, कारण ‘आम्ही चांगल्या मनाने आलोय’ एवढ्यावर कुणाच्या घरात पाय ठेवायचा हक्क मिळत नाही, याची आठवण त्याने राहते.

आता तुमच्या वाचनकेंद्राकडे वळतो. बाहेरची मुलं आली की तिथल्या माणसाला काय काय करावं लागतं ते मोजा. मुलांना जागा दाखवायची, नियम सांगायचे, कोणत्या लहानग्याशी कसं बोलायचं ते समजवायचं, तास संपेपर्यंत लक्ष ठेवायचं, शेवटी तुमच्या हजेरीपत्रकावर सह्या करायच्या. दर सत्राला नवीन मुलं आली की हे सगळं पहिल्यापासून. रँडी स्टोकर आणि एलिझाबेथ ट्रायन यांनी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातल्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना या अनुभवाबद्दल विचारलं आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातली एक ठळक तक्रार थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल होती. संस्थेने शिकवून तयार करायचं आणि उपयोग सुरू होईतो सत्र संपायचं. केंद्रातल्या लहान मुलांचं नुकसान तर याहून मोठं. सात वर्षांची मुलगी एका ताईच्या मांडीशी बसून दोन ओळी वाचायला धजावते आणि पुढच्या आठवड्यात तिथे दुसरंच कुणी बसलेलं असतं. असं चार वेळा झालं की ती पाचव्यांदा तोंड उघडत नाही.

म्हणून तीस मुलांनी चार वेळा जाण्यापेक्षा सहा मुलांनी वीस वेळा जावं. हा बदल तुम्ही या वर्षीच करू शकता. उरलेल्या चोवीस जणांचं काय, असा प्रश्न मुख्याध्यापक लगेच विचारतील. प्रत्यक्ष माणसांत जाऊन काम करणं हा सेवेचा एक प्रकार झाला. शाळेत बसून मोठ्या अक्षरातली वाचनपत्रं तयार करणं, कोणती पुस्तकं जास्त हाताळली जातात याची पाहणी करणं, केंद्राची माहिती आसपासच्या घरांपर्यंत पोहोचवणं हीसुद्धा खरी कामं आहेत, केंद्राने मागितली असतील तर. न मागता पन्नास रंगीत तक्ते करून दिले, तर ते ठेवायचे कुठे ही केंद्राची नवी अडचण होते.

वेळापत्रकाचंही असंच. शाळेला परीक्षा असतात, सुट्ट्या असतात, स्नेहसंमेलन असतं. संस्थेचं वर्ष वेगळं चालतं. परीक्षांचे सहा आठवडे आपण येणार नाही, हे सत्राच्या पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या. न येण्यापेक्षा न सांगता न येणं जास्त लागतं.

मुलं हजेरीपुरती येतात, याचा दोष मुलांवर टाकू नका. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये शालान्त पदवीसाठी ७५ तासांची सेवा बंधनकारक केली. कॅनडातल्या ओंटारिओत १९९९ पासून ४० तासांची अट आहे. अशा अटींमुळे एरवी कधीच न गेलेली मुलं बाहेर पडतात, हे खरं. पण तास हे माप झालं की मुलं तास गोळा करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, आपण मागितलं तेच ती देतात. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सक्तीच्या सेवेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सक्ती नसती तर आपण हे केलंच नसतं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या मनात पुढे स्वेच्छेने काम करण्याची इच्छा सक्तीमुळे मंदावलेली दिसली. उपक्रम सगळ्यांना करायचा असेल तर करा, पण कोणतं काम, कुणाबरोबर, कोणत्या दिवशी, यातलं काहीतरी मुलांना खरंच निवडू द्या.

निवडीइतकाच फरक पडतो तो काम अभ्यासाशी जुळण्याने. वृद्धाश्रमातलंच उदाहरण देतो. शनिवार बदलून आम्ही बुधवारी जायला लागलो, कारण तो त्यांच्या सोयीचा होता. त्यासाठी शाळेचं वेळापत्रक हलवायला मला एक अख्खं वर्ष लागलं. तिथे एका मुलीच्या लक्षात आलं की काही आजोबा फाटकापर्यंत येऊन थांबतात, बाहेर पडत नाहीत. तिने विचारलं तेव्हा कळलं की फाटकाजवळच्या दोन पायऱ्या चाकाच्या खुर्चीला आणि काठीला अडवतात. आजोबांना गाणी नको होती, त्यांना कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं होतं! मुलांनी पायऱ्यांची उंची मोजली, एकूण तीस सेंटिमीटर. उतारासाठी बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक सेंटिमीटर चढाला बारा सेंटिमीटर लांबी. तीस सेंटिमीटरला तीन मीटर साठ. अंगणात जागा होती दोन मीटर. सरळ उतार बसत नव्हता, म्हणून मध्ये सपाट टप्पा देऊन तो वळवावा लागणार होता. त्या आठवड्यात मुलांनी त्रिकोणमितीच्या तासाला स्वतःहून कोन काढला. पावणेपाच अंशांच्या आसपास येतो. आकृती घेऊन ती आश्रमात गेली, तेव्हा आजोबांनी दोन बदल सुचवले. कठडा दोन्ही बाजूंना हवा, आणि टप्प्यावर खुर्ची वळेल एवढी रुंदी हवी. उतार बांधणं मुलांचं काम नव्हतं, ते संस्थेने गवंड्याकडून करून घेतलं. पण हजेरीचा प्रश्न त्या वर्षी एकदाही आला नाही.

दुसरं उदाहरण माझ्या विषयातलं. शाळेजवळच्या ओढ्याचं पाणी आम्ही दर महिन्याला तपासत होतो. सामू (पीएच), गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू. ओढ्याकाठच्या रहिवाशांच्या मंडळाला या नोंदी हव्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या गटाने जाहीर केलं की प्राणवायू झपाट्याने घटलाय आणि ओढा मरतोय. मंडळाची माणसं काळजीत पडली. जुन्या वह्या काढल्या तेव्हा उलगडा झाला. आधीचा गट दुपारी नमुने घेत होता, नवा गट सकाळी शाळा भरण्याआधी. पाण्यातल्या वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात आणि रात्रभर पाण्यातले सगळे जीव तो वापरतात, त्यामुळे पहाटेच्या सुमाराला त्याचं प्रमाण सर्वात कमी असतं. तापमानाचाही परिणाम होतो. गोड्या पाण्यात शून्य अंशाला लिटरमागे साधारण साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेळ आणि तापमान न लिहिता घेतलेली नोंद मागच्या नोंदीशी ताडून बघता येत नाही.

मुलं मंडळाच्या बैठकीत गेली आणि आपली चूक त्यांनी स्वतः सांगितली. मी त्यांना अडवलं नाही, त्यांच्या वतीने बोललोही नाही. त्यानंतर मंडळाचा आमच्यावरचा विश्वास वाढला. आणि माझ्या लक्षात आलं की टिकाऊपणा कामाच्या स्वरूपातच असू शकतो. ओढ्याची एक नोंद काहीच सांगत नाही, पाच वर्षांच्या नोंदी खूप काही सांगतात. त्यामुळे प्रत्येक नवा गट जुन्या गटाच्या वहीवर उभा राहतो आणि मंडळालाही पुढचा गट यावा असं वाटतं. तुमच्या दोन्ही ठिकाणी असं साठत जाणारं काम कोणतं आहे, ते शोधा. वाचनकेंद्रात प्रत्येक लहान मुलाची वाचनवही असू शकेल, जी केंद्राकडेच राहील आणि मोठी मुलं बदलली तरी पुढे चालू राहील.

मागे वळून पाहण्याच्या तासाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो, तो होतो का? जॅनेट आयलर आणि ड्वाइट जाइल्स यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचं मोठं संशोधन मांडलं. त्यात शिकणं खोल होण्यामागे कामाचा दर्जा, अभ्यासाशी जोड आणि चिंतनाचा दर्जा या गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. आपल्याकडे चिंतन म्हणजे शेवटी एक निबंध, आणि प्रत्येक निबंधात ‘मला खूप समाधान मिळालं’. काय घडलं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय, ही टेरी बॉर्टन यांच्या १९७० च्या मांडणीतून आलेली तीन प्रश्नांची चौकट सोपी आहे. तीही दर आठवड्याला वापरली तर पुरे. मी एक प्रश्न जोडतो: आज तुम्हाला कशाचं आश्चर्य वाटलं? आश्चर्य वाटलं म्हणजे मनातला एखादा समज हलला. फाटकापाशी थांबणारे आजोबा याच प्रश्नाच्या उत्तरातून आमच्यासमोर आले.

‘सेवा’ या शब्दाबद्दलही थोडं. तो आपल्याला जवळचा आहे, पण त्यात देणारा आणि घेणारा आपोआप ठरून जातात. अर्जेंटिनात या कामाच्या नावाला ‘सोलिदारियो’ हे विशेषण जोडतात. एकमेकांच्या पाठीशी उभं राहणं, असा त्याचा सूर. मी मुलांना नाव बदलायला लावत नाही, पण त्या आजोबांकडून आपण काय घेतलं हे मात्र प्रत्येकाने लिहायचं असतं. दोन्ही बाजूंचा कठडा आणि टप्प्याची रुंदी ही त्यांची शिकवण होती आणि अहवालात ती त्यांच्या नावाने, त्यांच्या परवानगीने नोंदवली. फोटोंचंही तसंच. ज्यांचा फोटो आहे त्यांना आधी दाखवा, नको म्हणाले तर काढून टाका. शाळेच्या फलकासाठी कुणाचं म्हातारपण किंवा अडचण वापरू नये.

राहिला तुमच्या बदलीचा प्रश्न. अमेरिकेत ‘लर्न अँड सर्व्ह अमेरिका’ ही सरकारी योजना शाळांमधल्या सेवा-शिक्षणाला पैसा पुरवत होती. २०११ मध्ये तिचं अनुदान बंद झालं. पैशाचं टेकू असो वा एका शिक्षिकेचं, ते कधी काढलं जाईल हे आपल्या हातात नसतं. शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकाला या वर्षीच जोडीला घ्या, मदतनीस म्हणून नव्हे, निम्म्या भेटींचा प्रमुख म्हणून. संस्थेकडेही दोन नावं असू द्या. दोन्ही बाजूंचा एक पानी करार करा: कोण, किती वेळा, कशासाठी, तक्रार कुणाकडे, आणि थांबायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. शेवटचं वाक्य लिहायला लोकांना संकोच वाटतो, पण मला तेच सर्वात महत्त्वाचं वाटतं. जाण्याचा दरवाजा दिसत असला की माणसं निवांत बसतात. वर्षाच्या शेवटी जुन्या गटाने नव्या गटाला संस्थेत नेऊन ओळख करून द्यावी. हे काम शिक्षकांनी करू नये, मुलांनीच करावं. मुलांनी मुलांकडे सोपवलेलं काम शिक्षक बदलला तरी पुढे जातं, हे मी दोन शाळांमध्ये पाहिलंय.

वृद्धाश्रमाशी तुमचं अजून बोलणं होतंय, तिथून सुरुवात सोपी आहे. तुमच्या येण्याचा दिवस त्यांच्या सोयीचा आहे का, एवढंच आधी विचारा, आणि ते संचालकांना न विचारता दिवसभर कामात असलेल्या सेविकांना विचारा.

वाचनकेंद्राला आता फोन करू नका. एकदा स्वतः जा, मुलांना न घेता, त्यांच्या कामाची वेळ टळल्यावर. फाइल नको, फोटोंचा अल्बम नको. आमच्यामुळे तुमचं कोणतं काम वाढलं, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. पहिलं उत्तर ‘छे, काहीच नाही’ असं येईल, तेव्हा तुम्हीच एक उदाहरण पुढे ठेवा: दर वेळी नवी मुलं आल्याने त्रास झाला असेल ना? मग त्या बोलतील. लिहून घ्या, समर्थन करू नका. त्या ‘यंदा नकोच’ म्हणाल्या तर ते मान्य करा, आणि पुन्हा कधी येऊन विचारलं तर चालेल, ते त्यांनाच विचारून तो महिना वहीत लिहून ठेवा. तो महिना येईल तेव्हा, त्याआधी नाही, पुन्हा जा.